पावसाआधीचा ईस्टर

पाथरी ओळखली जाते ती गाव सोडून गेलेल्यांमुळे. फिरिश्त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी, की पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला एक ब्राह्मण मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला. तो मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने थेट वजिरीपर्यंत चढला. त्याच्या मुलाने १४९० साली निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवलं. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वाडवडिलांचं गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. त्याने ती दिली नाही आणि मग त्यापायी लढाया झाल्या. दुसरी गोष्ट साईबाबांची. बाबांचा जन्म पाथरीचा, असं पाथरीकर छातीठोकपणे सांगतात. २०२० च्या जानेवारीत राज्य सरकारने या जन्मस्थानाच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, तेव्हा त्याच्या निषेधात शिर्डी बंद राहिली होती.

पाथरीच्या वंशजांनी वसवलेल्या त्याच नगरमध्ये १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक उतरले आणि मराठी ख्रिस्ती धर्माची मोठी पेठ तिथे उभी राहिली. मराठवाड्यात तो धर्म जालन्याच्या बाजूनेही आला. गोदावरीच्या या खोऱ्यात ख्रिस्ती माणूस संख्येने अगदी थोडा. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रातच ख्रिस्ती होते सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के, आणि त्यातले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला आणि परभणी जिल्हा त्यात आला. प्रोटेस्टंट मंडळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

संख्या थोडी असली तरी या लोकांच्या श्रद्धेचा गाभा ज्या प्रश्नाशी भिडतो, तो प्रश्न मराठवाड्यात घरोघरचा आहे. सगळं संपलं असं वाटल्यावर माणसाने उठायचं कशाच्या बळावर? विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीत २०२२ साली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०२३ शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि २०२३ साली १,०८८. अनुदानाला पात्र किती, अपात्र किती, याचे रकाने वेगळे. या आकड्यांच्या मुलखात बसून मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला असं सांगणाऱ्या श्रद्धेकडे पाहायचं, तर ती सवंग दिलासा देते की आणखी काही, हे तपासूनच घ्यावं लागेल.

चैत्रातली काळी जमीन

ईस्टर हा फिरता सण. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही. युरोपात त्या वेळी बर्फ वितळून गवत वर येत असतं, त्यामुळे तिकडच्या चित्रांत आणि गाण्यांत ईस्टर म्हणजे फुलं, कोकरं, अंडी, हिरवळ. तिकडे निसर्गच या सणाची साक्ष देतो.

पाथरी तालुक्यात त्या दिवसांत काय असतं? पऱ्हाटी उपटून झालेली असते. रब्बीची ज्वारी निघालेली, कडबा रचलेला. ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेवर. नांगरलेल्या रानात ढेकळं तापत पडलेली आणि न नांगरलेल्या रानात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा. पारा चाळिशीला टेकलेला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी असलं तर बागायतदाराच्या उसाचा तेवढा पट्टा हिरवा. बाकी सगळं रान मृगाकडे डोळे लावून. आणि मृग निघायला अजून दीड-दोन महिने.

मराठवाड्यातल्या मंडळीत ईस्टर येतो तो असा. भस्म बुधवारी सुरू झालेला चाळीस दिवसांचा उपासकाळ, मग झावळ्यांचा रविवार, मग दुःखसहनाचा आठवडा. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, ऐन उन्हात, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात मनन. शनिवार रिकामा. रविवारी पहाटे अंधारातच लोक निघतात. कितीतरी गावांत ही पहाटेची उपासना स्मशानभूमीतच होते. आदल्या दिवशी कबरी झाडून, चुना लावून ठेवलेल्या असतात. पहाटे त्यांवर मेणबत्त्या लागतात, झेंडूचे हार पडतात. ‘ख्रिस्त उठला आहे’ असं पाळक म्हणतात, आणि ‘खरोखर उठला आहे’ असं लोक उत्तर देतात. मग घरी येऊन चहा, गोडधोड, आणि तेच ऊन.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हा येशूचा दृष्टांत योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पौलानेही करिंथकरांना मृतांच्या उठण्याबद्दल समजावताना बियाण्याचाच दाखला घेतला. हिरव्या शेताच्या बांधावर उभं राहून हे पटवून घेणं सोपं. इथे ते ऐकायचं असतं पेरणीच्या कितीतरी आधी. खत-बियाण्याला पैसे कुठून आणायचे याचा घोर लागलेला असतो, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, पाऊस कसा होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. मला वाटतं, ही श्रद्धा मुळात ज्या परिस्थितीत सांगितली गेली तिच्या जवळ जाणारी जागा युरोपच्या वसंतापेक्षा हीच आहे.

कारण चारही शुभवर्तमानांत त्या रविवारची सकाळ आनंदाने उजाडत नाही. बायका कबरीकडे निघतात त्या प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. कुणीतरी उठलेलं भेटेल ही अपेक्षाच नसते. दाराची धोंड कोण लोटणार, एवढीच काळजी. मग्दालिया मरीया रडत उभी आहे आणि समोरच्या माणसाला ती बागेचा माळी समजते. बायकांनी येऊन सांगितलं ते पुरुषांना बरळणं वाटतं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे गावाकडे परत निघालेत. आपण केवढी आशा धरली होती, असं भूतकाळात बोलतायत. मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींत तर गोष्ट अशी थांबते, की बायका भ्यायल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. निराशा लपवून ठेवावी, असं या लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट या कथांत पुन्हापुन्हा येते. भेट झाली की लगेच काम सांगितलं जातं. मरीयेला, जा आणि भावांना सांग. पेत्र, ज्याने तीनदा ओळख नाकारली होती, तो पुन्हा जाळं घेऊन मासे धरायला गेलेला. त्याला किनाऱ्यावर आधी निखाऱ्यावरचा मासा आणि भाकर मिळते. जाब विचारला जात नाही. खाणं झाल्यावर मात्र कळपाची राखण त्याच्यावर सोपवली जाते. आधी न्याहरी, मग काम. मराठी मुलखात ज्यांनी ही श्रद्धा खरोखर अंगी लावली, त्यांच्या चरित्रांत हाच क्रम दिसतो.

जालन्याजवळचं बेथेल

पाथरीला जवळचं उदाहरण जालन्याचं. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारे नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पण तो बाटला, असं म्हणत जातीने दार लावलं. त्याला शुद्ध करून घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांशी उभा दावा मांडला. त्या काळच्या मुंबईत हे प्रकरण गाजलं. थोरला भाऊ एका धर्मात, धाकटा दुसऱ्यात, आणि मध्ये बाप. धर्मांतर म्हणजे केवढी तोडातोड होती हे त्यावरून कळतं.

हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग आणि महार. गावकुसाबाहेरचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं बलुतं तुटायचं, पाणवठ्याचा प्रश्न अधिकच बिकट व्हायचा, आणि सवर्ण गावाच्या लेखी तो होता तिथेच राहायचा. शेषाद्रींनी त्यावर हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. स्वतःच्या विहिरी, स्वतःची शेती, शाळा, मधोमध चर्च. ज्यांनी दुसऱ्याच्या रानात सालं घातली होती त्यांना कसायला जमीन मिळाली. मृत्यूनंतरचं जीवन शिकवणाऱ्या या ब्राह्मण पाळकाने आधी सातबाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. १८९१ मध्ये परदेशातून परतताना बोटीवरच ते वारले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. धर्म बदलला म्हणून जात सुटली असं झालं नाही. चर्चच्या आतही ती बाकं शोधत आली. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांत कागदावरचा धर्म एक आणि रविवारची उपासना दुसरी, याचं कारण इथे आहे.

चौथा खांदा

पंडिता रमाबाईंचं चरित्र पाठ्यपुस्तकात येतं ते विदुषी आणि समाजसुधारक म्हणून. त्यांनी स्वतः लिहिलेलं दुष्काळाचं वर्णन वाचलं तर वेगळीच बाई समोर येते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत होते. १८७० नंतरच्या दुष्काळात गाठीचं संपलं. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. पाला खाऊन दिवस काढले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. घरातल्या सगळ्यांनी त्यांच्यामागून जायचं ठरवलं. ऐन वेळी मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, मी मोलमजुरी करीन. पण उपासमारीने थकलेले वडील थोड्याच दिवसांत गेले.

काही आठवड्यांत आईही गेली. प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ. चौथ्या खांद्याला रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी, तिरडी खांद्यावर बसेना. म्हणून त्यांनी ती डोक्यावर तोलून धरली आणि मैलोगणती दूर असलेल्या मसणवट्यापर्यंत नेली. वय सोळा-सतरा. पुढे थोरली बहीण गेली. भावाबरोबर हजारो मैलांची पायपीट झाली आणि १८८० मध्ये भाऊही गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, नवरा पटकीने गेला. पदरात दहा महिन्यांची मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी तिथल्या वाँटेज गावी जीव दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण तेवढ्याने आशा मिळाली असं त्या म्हणत नाहीत. धर्म मिळाला, ज्याच्यावर धर्म उभा तो मात्र सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनीच पुढे साक्षीत लिहिलं. त्यासाठी आणखी आठेक वर्षं जावी लागली. निराशेतून श्रद्धेकडे जाणारी वाट एका रात्रीत पार होते, अशा ठोकळेबाज साक्षी आपण फार ऐकतो. रमाबाईंची साक्ष त्या ठोकळ्यात बसत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली. पाहिलं ते सगळं आधीच ओळखीचं होतं. शेकडो मुली, विधवा तिने उचलून आणल्या. पुण्यात प्लेगची बंधनं लागली म्हणून केडगावच्या माळावर तंबू, झोपड्या ठोकल्या. तिथे मुक्ती सदन झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुली आल्या आणि १९०० च्या सुमाराला तिथल्या बायकामुलांची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. विहिरी खणल्या, माग बसवले, तेलघाणा, दूधदुभतं, आणि छापखाना. आईची तिरडी डोक्यावर नेणाऱ्या मुलीने दोन हजार पोरींच्या पोटाची सोय लावली.

छापखाना कशासाठी? बायबलचं प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला ते कळत नसे. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून नव्याने भाषांतराला बसल्या. खिळे जुळवायच्या, फॉर्म छापायच्या, बांधणी करायच्या त्या मुक्तीतल्याच बाया. हे काम चालू असताना, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमा मिरजेच्या दवाखान्यात गेली. चाळिशीची, आईचा उजवा हात. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी करणारी. रमाबाईंचं आता उरलेलं शेवटचं माणूस. त्या पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर असताना. सबंध बायबल छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये.

अर्धवट राहिलेलं काव्य

नगरची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचे पती नारायण वामन टिळक कवी, कीर्तनाचा नाद, स्वभाव वाऱ्यावरचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या, मुलगा दत्तू लहान. नवरा जिवंत आणि संसार मेलेला, ही अवस्था विधवेपेक्षा वाईट. विधवेला निदान रडायची मुभा. पुढची साडेचार-पाच वर्षं त्यांनी माहेरच्या, बहिणीच्या आधाराने काढली. ‘स्मृतिचित्रां’त त्या दिवसांची पानं वाचताना कळतं, की जगण्यावरची वासना उडणं म्हणजे काय. त्या कविता करू लागल्या त्याच दिवसांत.

पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या त्या सोवळं सांभाळूनच. ख्रिस्ती झाल्या त्या टिळकांच्या आग्रहाने नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे त्यांच्या त्यांना पटलं तेव्हा. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९९-१९०० च्या त्याच दुष्काळाचे ते दिवस. टिळकांनी दुष्काळातली पोरं घरी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी शिजवायचं, उवा काढायच्या, नेसू घालायचं. पुढे नगरच्या घरात त्र्यंबक ठोमरे नावाचा एक पोरगा बरीच वर्षं वावरला; त्याला आपण बालकवी म्हणतो. ५ मे १९१८ ला भादलीजवळ रुळांवर तो गेला. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ ला, टिळक गेले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. येशूचं सबंध चरित्र ओवीत, आपल्या पोथ्यांच्या घाटात. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ छापलं होतं; त्यानंतर मराठीत एवढी मोठी उडी हीच. पण टिळकांच्या हातून दहाएक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. वधस्तंभ पुढेच राहिला, आणि त्याच्या पुढची पहाटही.

धड शाळेत न गेलेल्या, शुद्धलेखनाशी आयुष्यभर भांडण असलेल्या लक्ष्मीबाईंनी ती पोथी पुढे चालवली. चौसष्ट अध्याय लिहिले. मधल्या काळात पोटासाठी मुलींच्या वसतिगृहावर काम केलं, मुलाबरोबर कराचीला गेल्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूने, म्हणजे देवदत्तांनी, लिहिला. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. नवऱ्याने मांडलेली कथा बायकोने आणि मुलाने तडीस नेली. मरणाचे आणि उठण्याचे अध्याय, मरण जवळून पाहिलेल्या आणि मागे उरलेल्या माणसांनी लिहिले. ज्या बाईला १८९५ मध्ये जगणं नकोसं झालं होतं, तिने पुनरुत्थानापर्यंतची वाट ओवीबद्ध केली, आणि तीही विनोदबुद्धी शाबूत ठेवून.

सोमवारची कसोटी

या तिन्ही चरित्रांत मला सारखी दिसलेली गोष्ट एकच. पुनरुत्थानावरच्या विश्वासाने यांपैकी कुणाचंही दुःख पुसलं नाही. शेषाद्रींचा भाऊ परत आला नाही, रमाबाईंची मनोरमा आली नाही, लक्ष्मीबाईंची साडेचार वर्षं भरून आली नाहीत. विश्वासाने त्यांना दुसऱ्या दिवसाचं काम दिलं, आणि ते काम प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी भुकेचं, विहिरीचं, अक्षराचं होतं. मरण हा शेवटचा शब्द नाही असं मानणारा माणूस मरणाच्या जागी थांबू शकतो: दुष्काळी छावणीत, प्लेगच्या दिवसांत, कर्ज काढून जीव दिलेल्याच्या ओसरीवर.

आज पाथरी-मानवतच्या बाजूला कापूस व्यापारी बोलेल त्या भावाने विकून बसलेल्या माणसाला ‘देवावर भरवसा ठेव’ एवढंच सांगणारा पाळक, महाराज किंवा मौलवी त्याची फसवणूक करतो. झोप उडालेल्या, माणसांत यायचं सोडलेल्या माणसाला डॉक्टर लागतो, समुपदेशक लागतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, फुकट बोलते. हा क्रमांक उपासनेनंतरच्या जाहिराती वाचतात त्यात रविवारी वाचला जावा, हरिनाम सप्ताहाच्या मंडपात लागावा, मशिदीच्या फळ्यावर लिहावा. मागे राहिलेल्या बाईला सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे सोबत लागते, मुलांच्या फीला हात लागतो. पेत्राला आधी भाकर मिळाली होती, हे विसरून त्याच्या नावाने उपदेश करता येत नाही.

आणि तरीही नुसती मदत पुरत नाही, हेही तितकंच खरं. अनुदानाचा चेक घरात आला तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. उद्याचा दिवस उगवण्यात काही अर्थ आहे, हे सरकारी योजना सांगू शकत नाही. ते कुणाला वारीत सापडतं, कुणाला साईबाबांच्या सबुरीत, कुणाला नमाजात, कुणाला बाबासाहेबांच्या पुस्तकात. ख्रिस्ती माणसाला ते रिकाम्या कबरीपाशी सापडतं. ती कबर खरंच रिकामी होती का, हा वाद दोन हजार वर्षं चालला आहे आणि या लेखाने तो मिटणार नाही. मानायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मानणाऱ्याचं मानणं खरं किती, हे शेजाऱ्यालाही तपासता येतं. ईस्टरच्या रविवारी चर्चमध्ये गाणं किती मोठ्याने झालं यावरून ते कळत नाही. सोमवारी सकाळी, ऊन तेवढंच आणि पाऊस तेवढाच लांब असताना, वस्तीतल्या कुणाच्या दाराशी कोण गेलं आणि काय घेऊन गेलं, एवढं पाहिलं की पुरे.